धुरीतला ससा

मी एक जुना कापडी ससा आहे. मित्रांनो, माझा एक कान चोखून चोखून दोरीसारखा झाला आहे आणि पोटातल्या कापसाच्या गाठी झाल्या आहेत. माझ्यात एक बाई राहते. तिला मी बाहेर काढू शकत नाही. काढणारही नाही.

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदराच्या गोदीजवळ हॅडॉक मासे टिकावेत म्हणून त्यांना लाकडाची धुरी देतात. त्या शेडमध्ये शेरिल कामाला होती. तिने आपल्या जुन्या गाऊनचे कापड बेतून मला शिवले, आणि तिच्या बोटांतली धुरी टाक्याटाक्याने माझ्यात उतरली. तिची मुलगी टिली मला नाकाशी धरून झोपायची. पुढे शेरिलचे पिणे वाढले. ती घरी आली नाही की टिली मला हुंगून विचारायची, "आहेस ना?"

प्रश्न मला नसे.

मग टिलीला न्यायला कौन्सिलची पॉलेट आली; ज्यांच्या घरी सांभाळ होत नाही अशी मुले तिकडे कौन्सिल, म्हणजे गावचे सरकार, आपल्याकडे घेते. शेरिल रडली नाही. तिने मला टिलीच्या काखेत खुपसले आणि म्हणाली, "मी आहे बघ ह्याच्यात."

लहान मुले असले बोलणे शब्दशः धरतात, मित्रांनो. मीही धरले.

टिलीला हिल्डाआजीकडे ठेवले. हिल्डाआजी कौन्सिलची मुले सांभाळायची, ओरडायची आणि ओरडता ओरडता पांघरूण सारखे करायची. तिच्याकडे टिली निवांत जेवायची, कारण मी ताटाशेजारी असायचो.

काही महिन्यांनी कौन्सिलने टिलीसाठी कायमचे आईवडील शोधले, लिंकन गावचे ग्वेन आणि कॉलिन. तिकडे एक रीत आहे. नवे आईवडील एक नवे खेळणे आपल्या अंथरुणात घेऊन झोपतात, त्याला आपला वास लागू देतात आणि ते खेळणे मुलाकडे आधीच पाठवतात, म्हणजे मूल घरी येण्याआधी घर मुलाकडे येते. तसा एक कोल्हा आला. त्याला कॉलिनच्या दाढीच्या साबणाचा आणि ग्वेनच्या हातांना लावायच्या मलमाचा वास होता. पॉलेटने बजावले, "आजी, ह्याला पाणी लावायचं नाही हं." हिल्डाआजीने कोल्ह्याला बोटही लावले नाही.

माझ्याबद्दल कुणी काही बोलले नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आजीने टिलीचे सगळे सामान गोळा केले. पोर आपल्या उंबऱ्यावरून कळकट गेले असे कुणी म्हणता कामा नये, हा तिच्या गल्लीचा बाणा होता. धुण्याच्या यंत्रात फ्रॉक गेले, मोजे गेले, मी गेलो.

पाणी. साबण. गोल. गोल.

(इथे एक वाक्य होते. ते वाहून गेले.)

गोल.

मी एक जुना कापडी ससा आहे. असे मला सांगण्यात आले.

नव्या घरी पहिल्या संध्याकाळी टिलीने मला नाकाशी धरले, मग खाली ठेवले. "हा रिकामा आहे," ती म्हणाली. "आई पडली कुठेतरी."

त्या दिवसापासून तिने शोध सुरू केला. कपाटे उघडली, पलंगाखाली वाकून पाहिले, बुटांच्या खोक्यांत हात घातला. ताटातले अन्न तसेच राही. पॉलेट येऊन बघायची, वजन घटल्याचे बोलायची. दत्तकपत्रावर न्यायाधीशांची सही होईपर्यंत टिली कौन्सिलचीच होती, आणि जमत नसेल तर तिला परत न्यावे लागेल, हे पॉलेटने हळू आवाजात सांगितले. ग्वेन जिन्यात बसून राहिली. वरच्या खोलीत कपाटांची दारे वाजत होती. रिकाम्या घरात कुणी हिंडावे तसा तो आवाज होता, आणि घर तर रिकामे नव्हते.

ग्वेनने हिल्डाआजीला फोन केला. आजी आधी रागावली, मग तिचा आवाज बारीक झाला. "साबणानं काय बिघडलं गं? मासळीचा वास मारत होता तो."

ग्वेनने फोन ठेवला आणि कौन्सिलने दिलेल्या कागदांत शेरिलचे काम शोधून काढले.

शुक्रवारी तिने बाजारातून धुरी दिलेला हॅडॉक आणला आणि दुधात शिजायला ठेवला. मला चुलीवरच्या फळीवर बसवले. वाफ वर आली. आधी माझा कान जागा झाला, मग पोट. मग ती आली.

टिली जिना उतरत धावत आली. "आई आलीय." तिने फडताळ उघडले, कोटांचे कपाट उघडले, मागचे दार उघडले. बाहेर फक्त अंगण होते.

कॉलिन घाबरला. "खिडकी उघडू का? वास जाईल."

या घरात आई म्हणून ग्वेनला स्वतःलाच अजून जागा मिळाली नव्हती. "नको," ती म्हणाली. "राहू दे तिला."

ती फरशीवर टिलीशेजारी बसली. "टिली, आई आलेली नाही. राहायला येणारही नाही. हा तिच्या कामाचा वास आहे. तो मात्र इथे राहू शकतो."

टिली रडली. त्या घरात पहिल्यांदाच, आणि मोठ्याने. मग मला हुंगले. मग मासा खाल्ला.

"परत करशील?"

"दर शुक्रवारी."

कॉलिन म्हणाला की शेजाऱ्यांना वाटेल आपण मासळीबाजार मांडला. टिलीने त्याच्याकडे पाहिले आणि आपल्या ताटातल्या माशाचा काटा काढून त्याच्या ताटात ठेवला.

सही झाली त्या दिवशी न्यायाधीशांनी तिकडचे न्यायाधीश घालतात तसला आपला केसांचा टोप टिलीच्या डोक्यावर ठेवला. टिलीने मला त्यांच्या नाकाखाली धरले. त्यांनी गंभीरपणे हुंगून विचारले, "आज शुक्रवार का?" ग्वेन आधी हसली, मग रडली.

मित्रांनो, आता टिली मोठी झाली, कामासाठी दूर गेली. कोल्हा आणि मी तिच्या पलंगावर पडून असतो. कधी दुपारी ग्वेन येते, दार लोटते आणि मला नाकाशी धरते. माझ्यात आता दोघी राहतात, शेरिल आणि टिली. ती धाकटीला शोधत असते.

"आहेस ना?" ती विचारते.

प्रश्न मला नसतो.

म्हणून एवढेच सांगतो. कुणाची जुनी, कळकट वस्तू हाती आली, तर पाण्यात टाकण्याआधी विचारा, हिच्यात कोण राहते?