कालकथित म्हाळू यांचा फ्लेक्स

माझ्या मरणाचा फ्लेक्स इनामगावच्या चौकात सकाळी साडेआठला लागला आणि तो लावताना शिडी मीच धरली होती. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी डोळे पुसायला नको.

हे सगळं आमच्या करुणेचं काम. करुणा म्हणजे माझी नात, नववीत आहे. शाळांसाठी मोबाईलवर सिनेमा काढायची कसलीशी स्पर्धा निघाली आणि तिच्या वर्गानं भीतीचा सिनेमा काढायचं ठरवलं. गोष्ट तिनंच लिहिली. एका गावातली मुलं एके दिवशी मोठ्या माणसांवर उलटतात. आरडाओरडा नाही, मारामारी नाही. ज्याच्यावर राग असेल त्याच्या दारात ओळीनं उभी राहतात आणि टक लावून बघतात. तो माणूस जागच्या जागी कोसळतो आणि दुसऱ्या दिवशी चौकात त्याचा फ्लेक्स लागतो. मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. शेवटी गावात उरतात फक्त हसऱ्या फोटोंचे फ्लेक्स आणि त्यांच्या खालून शाळेत जाणारी मुलं.

ऐकून माझ्याही अंगावर काटा आला. पण तसं कबूल करणारा मी नव्हे.

"आन् मोठ्यांचा गुन्हा काय म्हनायचा?" मी विचारलं.

"ते शेवटी कळतं, आबा. तुमी फकस्त मरा. पहिला नंबर तुमचाच हाय."

पहिलं मरायला गावात कुणी राजी नव्हतं. सरपंचांनी निवडणूक तोंडावर आलीय म्हणून हात जोडले. मी मात्र पोरांना आयता सापडलो. ज्या शाळेतून मी सातवीत बाहेर पडलो, त्याच शाळेत पुढे तीस वर्षं शिपाई होतो. घंटा माझ्या हातात आणि गेटही माझ्या हातात. उशिरा आलेल्या पोराला गेटबाहेर उभं करण्यात मी कधी कसूर केली नाही. त्यामुळे मला मारायला अख्खी नववी एका पायावर तयार होती.

पार्वतीबाई, म्हणजे आमची मंडळी, तेवढी मात्र चिडली. "जित्या मानसाचं असलं काय खेळू न्हाई," ती म्हणाली.

"अगं, नायतर माझा एवढा मोटा फोटो चौकात कोन लावतंय?" मी म्हणालो.

बोलणं चेष्टेचं होतं, पण ती उठून आत गेली. फोटोचा विषय आमच्या घरात नऊ वर्षं कुणी काढत नव्हतं.

खंडू माझा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी चौदाचा. मी कालव्यावर माती वाहिली, वीटभट्टीवर राबलो आणि त्याला दौंडला शिकायला ठेवलं. तो रेल्वेत लागला त्या दिवशी मी गावभर पेढे वाटले होते. नऊ वर्षांपूर्वी भीमजयंतीला त्यानं हौसेनं चौकात मोठा फ्लेक्स लावला. वर बाबासाहेब, खाली कोट घातलेला खंडू, पसरट, हसरा. आणि मी? अगदी खालच्या कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या गर्दीत, पोस्टाच्या तिकिटाएवढा, अर्धा कान कापलेला. लोक बघत होते, एकदोघं हसलेही. माझं डोकं फिरलं. मी भर चौकात तो फ्लेक्स टराटरा फाडला. बाबासाहेबांचा भाग तेवढा सांभाळून बाजूला काढला, एवढी अक्कल त्या रागातही शाबूत होती.

खंडू पांढराफटक पडला. म्हणाला, "दादा, आजपासनं तू मला मेलास."

त्यानंतर बोलणं बंद. मी दौंडला पाय ठेवला नाही. रेल्वेनं कुठं जायची वेळ आली तर एसटीनं आधी पुणं गाठायचो आणि तिथून गाडी धरायचो, पण दौंडचा फलाट बघायचो नाही. पोरांनाही ताकीद होती, तिकडच्यांशी बोलायचं नाही. गेल्या वर्षी मला साधा मलेरिया झाला तेव्हा तापात मी त्याचंच नाव घेत होतो, असं पार्वतीबाई सांगते. पण ताप उतरला आणि मी पुन्हा होतो तसा झालो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. वय वाढत होतं, दोघांपैकी एक जण आधी जाणार हे कळत होतं, आणि रात्री हाच विचार छातीवर बसायचा. फोन मात्र मी उचलला नाही.

तर, शिरूरच्या फ्लेक्सवाल्या साईच्या दुकानातून फ्लेक्स छापून आला. मधोमध माझा भलामोठा फोटो, कोपऱ्यात बुद्ध, वर 'भावपूर्ण आदरांजली' आणि खाली 'कालकथित म्हाळू'. फोटो करुणेनंच मोबाईलवर काढलेला, मी कुणावर तरी खेकसून झाल्यावर हसतोय तेव्हाचा. चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे बारीक अक्षरं मला दिसली नाहीत. खरं सांगायचं तर मी अक्षरांकडे बघतच नव्हतो. फोटो बघत होतो. चांगला दिसत होतो मी.

अकरा वाजता आमच्या अंगणात शूटिंग सुरू झालं. करुणेनं आपला सोडून घरातले सगळे फोन सकाळीच बंद करून पत्र्याच्या डब्यात टाकले होते. मधेच कुणाचा वाजायला नको म्हणून. मला चटईवर निजवलं, अंगावर तोंडापर्यंत पांढरी चादर. पोरांनी तोंडाला राख फासली होती. पंधरावीस पोरं माझ्याभोवती गोल करून उभी राहिली.

"आबा, मी कट म्हनेपर्यंत हलायचं न्हाई. पोरांनो, तुमीबी. कुनी काय बी इचारलं तरी बोलायचं न्हाई, नुस्तं बघायचं," करुणेनं बजावलं.

मी पडून राहिलो. पायावर मुंगी चढली, तरी हललो नाही. तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज आला. धावत येणाऱ्या चपला वाजल्या. आणि नऊ वर्षांत न ऐकलेला आवाज माझ्या डोक्यावर फुटला.

"दादा!"

खंडू होता.

पुढचं मला नंतर कळलं. फ्लेक्सचा फोटो सकाळी नऊला त्याच्या घरातल्या मोबाईलवर पोचला होता. त्यानं पार्वतीबाईला सात फोन केले. प्रत्येक वेळी फोन बंद. मग भाड्याची जीप करून, वाटेत पांढऱ्या फुलांचा हार घेऊन तो तडक निघाला. चौकात फ्लेक्स, अंगणात चादर, भोवती माणसं. अजून काय पाहिजे?

"कवा झालं रं पोरांनो?" त्यानं रडत विचारलं. "वयनी कुठं हाय? कुनी बोला की रं!"

पोरं बोलली नाहीत. सांगितलं होतं तसं नुसती बघत राहिली, राख फासलेल्या तोंडांनी. मी उठणारच होतो, पण खंडू माझ्या उशाशी बसला आणि बोलायला लागला.

"मीच म्हनलो हुतो, तू मला मेलास म्हनून. माझंच तोंड लागलं, दादा. फोटो न्हवता रं तुझा! सगळी घरं पालथी घातली. माझ्या लग्नाच्या अल्बममधी तू न्हाई, आईसंगं न्हाई, पोरांच्या नामकरनात न्हाई. जवा बघावं तवा तू पानी आनायला गेल्याला, नायतर वाढायला. येक रेशनकार्डावरचा घावला, नखाएवढा. फ्लेक्सवाला म्हनला, मोटा केला तर फुटंल, तोंड वळखू येनार न्हाई. म्हनून ल्हान लावला. तू इचारलंबी न्हाईस, दादा. मीबी सांगितलं न्हाई."

चादरीखाली मी दात आवळून पडलो होतो. त्याच्या लग्नात मी खरंच बुंदी वाढत होतो. फोटोवाला हाका मारत होता आणि मी म्हणालो होतो, पंगत उठू दे, मग येतो. पंगत उठली तोवर फोटोवाला गेला होता. हे मला ठाऊक होतं, आणि नऊ वर्षांत मी ते एकदाही आठवलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. भीतीही वाटली. आता उठलो तर तो म्हणेल, माझ्या रडण्याचा तमाशा केला, आणि या वेळी जाईल तो कायमचाच. नाही उठलो तर त्याचं रडणं ऐकवत नव्हतं.

मी चादरीतूनच म्हणालो, "खंड्या, रडू नगं. मी हाय रं."

खंडू मागच्या मागे पडला. एक पोरगी किंचाळली आणि मग सगळीच किंचाळत सुटली. कडब्याच्या गंजीपर्यंत पळापळ झाली. मी उठून बसलो. खंडूनं माझ्याकडे बघितलं, पोरांच्या तोंडाच्या राखेकडे बघितलं, मोबाईल धरून उभ्या असलेल्या करुणेकडे बघितलं. त्याला सगळं समजलं. तो उठला, हातातला हार घेतला आणि मला झोडपायला लागला. पाठीवर, डोक्यावर, खांद्यावर. मी एकही फटका चुकवला नाही. फुलं संपली, नुसता दोरा हातात राहिला, तेव्हा तो थांबला आणि माझ्या गळ्यात पडला. नऊ वर्षांत तो म्हातारा झाला होता. वास मात्र त्याच्या अंगाला तोच होता, लहानपणी माझ्या पांघरुणात झोपायचा तेव्हाचा.

पार्वतीबाईनं चहा केला. मग आम्ही दोघं भाऊ फ्लेक्स उतरवायला चौकात गेलो. आता डोळ्यांवर चष्मा होता. फोटोखाली बारीक अक्षरांत छापलं होतं, 'शोकाकुल बंधू : आयु. खंडू, दौंड'. सिनेमाला त्या नावाची काहीच गरज नव्हती.

मी घरी येऊन करुणेला समोर उभं केलं. "दौंडला फोटू कुनी धाडला?"

"मीच," ती म्हणाली. घाबरली होती, पण मान खाली घातली नाही. "राजश्रीला धाडला. खरं काय ते तिला ठावं हुतं."

राजश्री म्हणजे खंडूची नात. या दोघी चार वर्षं आमच्या चोरून फोनवर बोलत होत्या.

"लय सांगून बघितलं, आबा. तुमी दोघं सांगून ऐकनाऱ्यातले न्हाई. मोठ्यांचा गुन्हा काय, इचारलं हुतं ना तुमी? ह्योच हाय. सोता बोलत न्हाईत आन् आमालाबी बोलू देत न्हाईत."

रागवायला मी तोंड उघडलं, पण राग आलाच नाही. खंडू खाली बघून चहाची रिकामी कपबशी फिरवत होता. शेवटी मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "पोरी, लय उपकार झालं तुझं." तीस वर्षं पोरांना गेटबाहेर उभं करणारा मी, आणि मला आत घेतलं ते पोरांनीच. हे ऋण मी मानतो, आणि कुणी ऐकणारं भेटलं की उघड सांगतो.

सिनेमाला बक्षीस मिळालं नाही. परीक्षक म्हणाले, मेलेला म्हातारा बोलतो तिथे भीती संपते. करुणेनं तो भाग कापला नाही. फ्लेक्स आता मागे कडब्याच्या गंजीवर झाकलाय, फोटोची बाजू आत.

खंडूच्या मनातून मात्र तो सकाळचा फोटो अजून गेलेला नाही. रोज साडेआठला दौंडहून त्याचा फोन येतो. पहिली घंटा संपायच्या आत मी उचलतो.

"दादा, हायस न्हवं?"

"हाय रं. तू?"

"मीबी हाय."