एकाच जागी येणारा डाग

ज्योतीरामचं सगळं काम रंगाचं. चाकणच्या ज्या कंपनीत तो होता तिथं दुचाकीच्या टाक्या रंगवल्या जायच्या. तयार टाकी नमुन्याच्या पत्र्याशेजारी धरायची आणि रंग जुळतो की नाही ते सांगायचं, हे तो बारा वर्षं करत होता. औशाकडून आलेला हा छत्तीस वर्षांचा माणूस पांढऱ्याचे सात प्रकार ओळखायचा, पण स्वतःच्या अंगावरचा रंग त्यानं कधी निरखून पाहिला नव्हता.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, दिघीच्या घरी आंघोळ करताना त्याला लिंगाच्या टोकावर एक डाग दिसला. मसुराच्या दाण्याहून थोडा मोठा, कडेनं लाल, मधे जांभळट. दुखत नव्हता, नुसती थोडी आग होत होती. असले रोग कशानं होतात हे त्यानं ऐकलं होतं आणि त्या वाटेला तो कधी गेला नव्हता. पण हे बायकोला कसं पटवायचं? त्यानं कुणालाच सांगितलं नाही. आठ-दहा दिवसांत लाली ओसरली आणि राखट तपकिरी खूण तेवढी मागं राहिली.

जुलैत डाग पुन्हा तापला. नेमका त्याच जागी, तसाच गोल. भीती होतीच, पण आता तिच्या जोडीला कुतूहलही आलं. एवढं अंग पडलंय, मग हा दर वेळी इथंच का येतो? लाइनवर काम करताना, बसमध्ये बसल्यावर त्याच्या डोक्यात तेच घोळायचं.

सप्टेंबरात तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मात्र त्यानं शेजारच्या लाइनवरच्या धनेशला मांडीला खाज सुटते म्हणून सांगितलं. धनेशनं एका मलमाचं नाव दिलं. ते लावल्यावर दोन दिवस अशी आग झाली की त्याला शिफ्टभर नीट उभं राहता येईना.

ती ट्यूब धुवायच्या पँटच्या खिशात त्याच्या बायकोला, विजयश्रीला, सापडली. ती घरी साड्यांना फॉल-बिडिंग करायची आणि धुणं सकाळीच उरकायची. हे मलम कशाचं, असं तिनं विचारलं. हाताला पुरळ आलंय, तो म्हणाला. तिनं त्याचे दोन्ही हात धरून उलटेपालटे करून पाहिले. हात स्वच्छ होते.

"चार महिने झालं तुम्ही भिंतीकडं तोंड करून झोपायलात," ती म्हणाली. "मला वाटलं गावाकडं काही झालंय अन् मला सांगंनात."

मग त्यानं सगळं सांगितलं. सांगताना तो फरशीकडं बघत होता.  शेवटी त्याला खिडकीच्या उजेडात उभं करून, तांदळातला खडा शोधावा तसं तिनं वाकून पाहिलं.

"तुम्ही कुठं गेला होतात का?"

"न्हाई."

तिनं त्याची हनुवटी वर करून त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग म्हणाली, "गुरुवारी पिंपरीच्या दवाखान्यात जाऊ. तिथं कळंल काय ते."

त्वचारोगाच्या खोलीत पन्नाशीच्या डॉक्टरबाई होत्या. ज्योतीरामनं पुरुष डॉक्टरची आशा धरली होती.  बाईंनी पडदा ओढला, हातमोजे घातले, भिंगातून डाग पाहिला आणि शांतपणे विचारायला सुरुवात केली. कधी आला, किती दिवस राहिला, फोड आला होता का, मलम कोणतं लावलं. शेवटी विचारलं, "गोळ्या कोणत्या घेता?"

"कोणत्याच न्हाईत."

"सगळे असंच सांगतात. गोळी म्हणजे लोकांना बीपी-शुगरचीच वाटते. डोकं, पाठ, ताप, पोट, कशासाठी काहीच घेत नाही?"

बाहेर बसलेल्या विजयश्रीला त्यांनी आत बोलावलं. तिला चटकन आठवलं. पोट बिघडलं की ते मेडिकलमधली एक गोळी घेतात, पट्टी घरातच असते. पण कधी कधी घेतली ते दोघांनाही सांगता येईना. ज्योतीरामला एकदम सुचलं. पोट बिघडलं की तो सुपरवायझरला मोबाइलवर सुट्टीचा निरोप टाकायचा. त्यानं तिथंच निरोप काढले. मे महिन्यात पुतण्याचं लग्न उरकून आल्यावर. जुलैत. सप्टेंबरात. प्रत्येक निरोपानंतर एका दिवसात डाग तापला होता.

डॉक्टरबाईंनी मोबाइल हातात घेऊन तारखा स्वतः वाचल्या. त्यांनाही बरं वाटलेलं दिसलं. बहुतेक हा औषधाचाच डाग, त्या म्हणाल्या. काही लोकांना एखादं औषध चालत नाही आणि ते घेतलं की ठराविक जागेचीच कातडी तापते. लिंगावर असं होणं नवं नाही. तरी खात्रीसाठी त्यांनी रक्त तपासायला लावलं आणि गोळीची पट्टी घेऊन यायला सांगितलं. मलम बंद, साबणानं घासणं बंद, साधं पाणी पुरे.

घरी येऊन ज्योतीरामनं पट्टी शोधली. तीत चार गोळ्या उरल्या होत्या. एक खाऊन बघावी, म्हणजे पक्कं कळेल, असं त्याच्या मनात आलं आणि तो ते बोलूनही गेला. विजयश्रीनं पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली आणि पुढच्या गुरुवारपर्यंत स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

रक्ताच्या तपासणीत काही निघालं नाही. बाईंनी पट्टीवरचं नाव वाचून मान डोलावली. असे डाग उठवणाऱ्यांतलंच हे औषध, त्या म्हणाल्या. खाऊन बघू का, हे त्यानं त्यांनाही विचारलंच. त्या प्रथमच कडक आवाजात बोलल्या. दर वेळी त्रास वाढू शकतो, तोंडात, अंगभर फोड येऊ शकतात. त्या औषधाचं नाव त्यांनी एका कार्डावर लिहून दिलं. कुठल्याही दवाखान्यात आधी हे दाखवायचं. मग त्यांनी बाकीचंही सांगितलं. तिथली कातडी मुळातच बाकीच्या अंगापेक्षा सावळी असते, वयानुसार आणखी गडद होते. त्यात दुखणं काही नाही आणि ती उजळायची क्रीम लावायची नाहीत. पण पांढरा पडलेला भाग, बदलत जाणारा डाग किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर लाजत बसायचं नाही.

"हा डाग जाईल का?" त्यानं विचारलं.

"फिकट होईल. महिने लागतील. कदाचित थोडा राहीलही."

"अन् दर वेळी तिथंच का येतो?"

"एकदा तापलेल्या जागेत त्या औषधाला ओळखणाऱ्या पेशी मुक्काम करून राहतात," बाई म्हणाल्या. "पण पहिल्या वेळी तिथंच का, ते अजून आम्हालाही नीट माहीत नाही."

एवढी शिकलेली बाई माहीत नाही म्हणते, हे ज्योतीरामला फार आवडलं. परतीच्या बसमध्ये खिडकीजवळच्या सीटवर बसून त्यानं ते विजयश्रीला दोनदा सांगितलं. ती कार्डावरचं नाव पुटपुटत पाठ करत होती. भोसरी आली तेव्हा तिनं हळूच विचारलं, त्या पेशींना कळत कसं असेल, की हेच ते औषध?

 तिच्या खांद्याला खांदा लावून तो दिघीपर्यंत त्याच विचारात राहिला.