नोंदीबाहेरचे चेंडू

बेसबॉलच्या त्या सामन्यात राखीव पिचरांच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांच्या, सरावपट्टीवरचा फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा सहावा डाव चालू होता. प्रशिक्षक काजिहारांनी ऐकून घेतले, रिसीव्हर आपटला आणि हाक मारली, “तोकुशिगे! खांदा तयार कर.”

मैदानात उतरण्याआधी अंग तापवायला चेंडू टाकणे, याला आमच्याकडे ‘खांदा तयार करणे’ म्हणतात. त्या दुपारी तोकुशिगेने दोनदा खांदा तयार केला होता, चोवीस आणि बावीस चेंडू. दोन्ही वेळा त्याला पुन्हा बाकावर बसवले गेले. हे चेंडू अधिकृत नोंदीत धरत नाहीत. मी संघाचा मापनतज्ज्ञ. या चेंडूंचाही वेग मोजतो. सामन्यातल्या वेगाच्या तो ब्याण्णव टक्के असतो. कोपरातल्या अस्थिबंधाला पंच दिसत नाही.

“काजिहारा-सान, शेहेचाळीस झालेत,” मी म्हणालो. “आणि त्याचं कोपर कालपासून सुजलंय.”

“शेहेचाळीस कसले? अजून एकही टाकला नाहीये त्याने! मिझोगुची-सान, तुमचं यंत्र जांभयाही मोजतं काय?” मग ते त्याच्याकडे वळले. “काय रे, दुखतंय?”

हा प्रश्न नव्हता. तेहेतिसाव्या वर्षी ‘हो’ म्हणणारा पिचर दुय्यम संघात जातो, आणि तिथून कोणी परतल्याचे माझ्या बारा वर्षांच्या निरीक्षणात नाही.

“छे, कोच! एकदम झकास,” तोकुशिगे म्हणाला आणि मी गप्प राहावे म्हणून त्याने माझ्यापुढे मान लववली.

एकवीस चेंडू, एकूण सदुसष्ट. पुन्हा बाक. आठव्या डावात अकरा, आणि मैदानात उतरल्यावर सरावाचे पाच.

मग पहिला अधिकृत चेंडू. तो फलंदाजाच्या दोन मीटर अलीकडे जमिनीवर आदळला. तोकुशिगे कोपर पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला होता.

“एका चेंडूत!” काजिहारा म्हणाले. “आम्ही दोनशे टाकून मग जेवायला बसायचो. हल्लीची पोरं म्हणजे नुसतं मऊ तोफू.”

वेगमापक त्यांच्या तोंडावर हाणावा असे मला वाटले. हाणला नाही.

रुग्णालयात डॉक्टरांनी तपासणीचा कागद पुढे ओढला. “आज किती चेंडू टाकले?”

“एक,” काजिहारा म्हणाले.

“चौऱ्याऐंशी!” माझा आवाज इतका चढला की दारातली परिचारिका थबकली. “प्रत्येकाची वेळ आहे माझ्याकडे, वेग आहे. दाखवू?”

डॉक्टरांनी तोकुशिगेकडे पाहिले.

“एकच, डॉक्टर.”

डॉक्टरांनी रकान्यात एक लिहिले आणि ते कोपराची क्ष-किरण छायाचित्रे आणायला गेले. काजिहारा तोकुशिगेचा डावा खांदा थोपटून फोन करायला बाहेर पडले.

“अरे, कोपर तुझं गेलंय!” मी उसळलो. “खोटं कुणासाठी बोलतोस? ठेवून घेतील तुला, असं वाटतं?”

“ठेवतीलही.” त्याने बर्फाची पिशवी सरकवली. “आणि चौऱ्याऐंशी म्हटलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं, मोजत कोण होतं? मिझोगुची-सान, सदुसष्ट झाले तेव्हा तुम्ही कुठे होता?”

तीन पावलांवर होतो. अडुसष्टाव्यासाठी यंत्र सज्ज करत होतो.