कडीचा दिवस

बाबा होते तोवर नाताळच्या सकाळी त्या घरात एक छोटा समारंभ व्हायचा. सगळ्यांचं आवरून झालं की बाबा पुढच्या दाराशी जायचे, वरची कडी सरकवायचे आणि वळून म्हणायचे, "झालं. आता संध्याकाळपर्यंत जग बाहेर, आपण आत." मग कुणी बाहेर जायचं नाही, कुणी आलं तर दार उघडायचं नाही, फोन वाजला तर वाजू द्यायचा. चौघांनी स्वयंपाकघरात बसायचं, पत्ते कुटायचे, केक खायचा, एकमेकांची टर उडवायची, आणि भांडण झालं तरी खोली सोडायची नाही. बाबा पत्त्यांत राजरोस लबाडी करायचे आणि पकडले गेले की उलटा आवाज चढवायचे. खरं कारण असं होतं, की भेटवस्तू आणायची त्यांची ऐपत नव्हती आणि बाहेर गेलं की शेजारच्या पोरांच्या हातातली नवी खेळणी दिसली असती. पण हे पोरांना फार उशिरा उमगलं. तोवर त्यांना वाटायचं, बाकीच्यांच्या दारांना बिचाऱ्यांच्या कडीच नसेल.

त्या पोरांतली थोरली ती ताई. लग्नाबिग्नाच्या भानगडीत ती पडली नाही, आईबरोबर त्याच घरात राहिली. धाकटा भाऊ सहा फूट वाढला तरी घरात छोटूच राहिला. तो मात्र शिकला, लग्न करून दुसऱ्या शहरात गेला, तिथे त्याचं बरं चाललं होतं.

ताई एका मोठ्या दुकानात भेटवस्तू बांधायच्या काउंटरवर कामाला होती. तिथे तिला सगळे डावरी म्हणत, कारण ती डावखुरी. इतरांच्या खोक्यांवर कागदाची कड उजवीकडे दुमडलेली असे, हिची डावीकडे. शिवाय चिकटपट्टी ती आतल्या बाजूने लावायची, बाहेरून तिचा मागमूस नसे. नाताळाआधी काउंटरसमोर ही रांग लागायची, आणि माणसाने तोंड उघडलं की ताईला त्याची जात कळायची. जो स्वतः भेट घेऊन जाणार असतो तो म्हणतो, बांधा कशीही, पोरगं फाडणारच आहे. जो जाणार नसतो तो म्हणतो, जरा भारी दिसू दे. असल्या गिऱ्हाइकाला ती मुकाट्याने मोठी रिबन लावून द्यायची आणि मनात चार शिव्या हासडायची.

बाबा गेले आणि कडीचा दिवस बंद पडला. छोटू दर नाताळला पार्सल धाडायला लागला. एकदा कॉफीचं यंत्र आलं, आई कॉफी पीत नाही. एकदा खोलीतली हवा शुद्ध करायचं काहीतरी आलं, ते सुरू केलं की आईला थंडी वाजायची. खोकी कपाटावर चढत गेली. छोटू फोनवर विचारायचा, "मिळालं ना?" आई म्हणायची, "मिळालं रे, किती खर्च करतोस." झाला नाताळ.

या वर्षी ताईने कंबर कसली. थंडी सुरू व्हायच्या आधीच तिने फोन लावला, आईलाही शेजारी बसवलं आणि स्पीकर चालू करून सांगितलं, "छोटू, यंदा काही पाठवायचं नाही. रिकाम्या हाताने यायचं. बायको, पोरगी, सगळ्यांनी. कडी लावायची."

"कडी," छोटू हसला. "कित्येक वर्षं झाली गं. येतो. शब्द देतो. हात रिकामे आणीन, पोट भरून जाईन."

"आई, तुला चालेल ना? भेट नाही मिळायची हं तुला."

"मला काय करायचंय भेट," आई म्हणाली. "तुम्ही दोघं समोर बसा, पुष्कळ झालं."

ताईने ते बोलणं उराशी धरलं. दुसऱ्याच दिवशी ती मॅनेजरकडे गेली आणि नाताळची सुट्टी मागितली. त्या दिवशी दुकान उघडं असायचं, विसरभोळ्या नवऱ्यांसाठी, असं काउंटरवरच्या बायका म्हणायच्या. मॅनेजर म्हणाला, "डावरी, तुला नाही म्हणवत नाही, पण ऐन गर्दीत काउंटर सोडणाऱ्याला मी परत काउंटरवर घेत नाही. नियम सगळ्यांना सारखा. मग खाली गोदामात काम करावं लागेल." गोदामात खिडकी नाही, आणि दिवसभर खोकी उचलून कंबरेचे टाके ढिले होतात. ताई म्हणाली, "चालेल." एका दिवसासाठी इतक्या वर्षांची जागा घालवली म्हणून काउंटरवरच्या बायकांनी तिला वेड्यात काढलं. तिने हसण्यावारी नेलं. एका दिवसात काय काय मावतं हे त्यांना कुठे ठाऊक होतं.

छोटू दर रविवारी फोन करायचा. "येतोय ना?" "येतोय म्हणजे काय, बॅगा भरतोय." एकदा तर म्हणाला, पत्ते जुनेच काढून ठेव, खुणा केलेले, बाबांची गादी मी चालवणार. ताई त्या दिवशी रात्रीपर्यंत स्वतःशीच हसत होती. तिने शेजारून दोन घडीच्या खुर्च्या आणल्या, भाचीसाठी बसकी उशी शिवली. आदल्या दिवशी केक करायला घेतला तेव्हा आई जवळ उभी राहून म्हणाली, "साखर बेताची घाल, छोटूला कमी गोड लागतं." ताईने बेताची घातली.

नाताळच्या सकाळी टेबल मांडून झालं. कडी लावायची ती सगळे आत आल्यावर, म्हणून दार नुसतं लोटलेलं होतं. ताई खिडकीशी दोनदा जाऊन आली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा बेल वाजली.

"तेच असेल," आई आतून म्हणाली. "घे आत."

ताईला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने दार उघडलं. दारात सामान पोचवणारा माणूस उभा होता आणि त्याच्या हातात मोठं खोकं होतं. निळा कागद, त्यावर पांढऱ्या चांदण्या, वर ही एवढी रिबन. त्याने सही घेतली, नाताळच्या शुभेच्छा दिल्या आणि जिना उतरून गेला.

ताई खोकं छातीशी धरून तशीच उभी राहिली. कागदाची कड डावीकडे होती. चिकटपट्टी दिसत नव्हती. हे खोकं तिनेच बांधलं होतं.

फोनवरून आलेल्या मागण्या वरच्या मजल्यावरून काउंटरवर यायच्या त्या नुसत्या आकड्यानिशी. पत्ता खाली गोदामात चिकटवायचे. त्यामुळे कुणाचं काय ते बांधणाऱ्याला कळायचंच नाही. आणि हा निळा कागद यंदा एकदाच आला होता, नाताळच्या गर्दीच्या पहिल्याच आठवड्यात संपला होता. नंतर कितीतरी गिऱ्हाइकांना तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, निळा संपला, लाल देऊ का. म्हणजे छोटूने ही मागणी केव्हाच देऊन टाकली होती. नंतरचे सगळे रविवार, त्या भरलेल्या बॅगा, ते खुणांचे पत्ते, सगळ्या थापा. आणि आपल्या न येण्याचं खोकं त्याने बांधून घेतलं होतं तेही तिच्याच हातून.

ती आत आली. आई खुर्चीत बसली होती आणि खोक्याकडे बघत होती. त्या बघण्यात आश्चर्य नव्हतं.

"आई, तुला माहीत होतं."

आईने पदर सारखा केला. "चिडू नकोस. सुनेच्या ऑफिसातली माणसं डोंगरात कुठल्याशा हॉटेलात जमणार आहेत. सगळे सहकुटुंब. याला नाही म्हणता येईना."

"कधी सांगितलं त्याने तुला?"

"झाले की बरेच दिवस. म्हणाला, ताईला तू सांग. मी म्हटलं, सांगते वेळ बघून. तू खुर्च्या काय आणतेस, उशी काय शिवतेस. माझी जीभ रेटेना गं."

"काल साखर कमी घालायला सांगितलीस."



छोटूने शब्द फिरवला याचं ताईला वाईट वाटलं, पण त्याचा धक्का असा बसला नाही. तो लांबचा झाला होता, हे ती आतून जाणून होती. आईचं मात्र तिच्या डोक्यातच शिरेना. दोघी एका छताखाली राहत होत्या, एका भांड्यातला चहा पीत होत्या, आणि ही बाई रोज तिच्याकडे बघून कानकोंडी न होता नाटक करत होती. या वयात आपल्या आईने आपल्याला खुळ्यात काढावं याची तिला लाज वाटली, राग आला आणि रडूही आलं. रडू तिने गिळलं.

"आणि खोक्यातल्या यंत्राचं म्हणशील तर मीच सांगितलं त्याला," आई हळूच म्हणाली. "पाय शेकायचं आहे ते. पाय ठणकतात माझे. तू दिवसभर दुकानात, आल्यावर दमलेली. कुणापाशी बोलू? त्याने विचारलं, मी सांगितलं."

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. ताईने कधी विचारलं नव्हतं. तिला वाटलं होतं, रोज घरात असणाऱ्याला वेगळं विचारावं लागत नाही.

"उघड तरी," आई म्हणाली.

ताईने आजवर हजारो खोकी बांधली होती, आपणच बांधलेलं खोकं उघडायची पाळी मात्र कधी आली नव्हती. तिने कड सोडवली. कागद न फाटता निघाला. यंत्र बाहेर काढून तिने पुसलं, किटलीत पाणी तापवून त्यात ओतलं, आईच्या पायांतले मोजे उतरवले आणि पाय आत सोडले. यंत्र घुरघुरायला लागलं. आईचे डोळे मिटले, चेहरा सैल झाला. आईला इतकं बरं वाटलेलं ताईने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. तिला त्याचं समाधान वाटलं आणि त्या समाधानाचाही राग आला.

ती किटली विसळायला नळाशी गेली तेवढ्यात आईचा फोन वाजला. छोटूचा चेहरा पडद्यावर आला. मागे लाकडी भिंत होती, कुणीतरी खिदळत होतं.

"पोचलं ना आई? कसं आहे?"

"अरे, स्वर्ग आहे," आई म्हणाली आणि फोन खाली धरून तिने त्याला आपले पाय दाखवले. "एवढ्या लांबून माझी आठवण ठेवलीस. माझा नाताळ सार्थकी लागला बघ."

"ताई भडकलीय का?" त्याने आवाज खाली आणला.

"ती कशाला भडकते? तिचं काय, ती इथेच असते रोज. तिला काय नाताळ आणि काय इतर दिवस."

नळ चालू होता, पण इतका नाही की ऐकू येऊ नये. ताईने नळ बंद केला. हात पुसले. येऊन आईच्या हातातला फोन घेतला.

"बांधलं होतं चांगलं ना रे?" तिने विचारलं.

"अं? हो, एकदम. मी मुद्दाम सांगितलं होतं त्यांना, जरा भारी दिसू दे म्हणून."

"मी बांधलं ते."

"तू? तू कॅशला बसतेस ना?"

"नाही. नोकरी लागल्यापासून बांधतेच आहे."

छोटूने पलीकडे कुणाला तरी गप्प राहायला खुणावलं. "ताई, ऐक. तुझा विरस करायचा नव्हता गं. म्हटलं होईल तेवढे दिवस तू खूश राहशील."

"राहिले की. पुढच्या नाताळात आई तुझ्याकडे येईल. नुसती त्या दिवशी नाही, महिनाभर. मी तिला गाडीत बसवून देईन."

"अगं, पण आमचं इथलं सगळं..."

"मी यायची नाही. मला दुकान असेल. मी काहीतरी छान पाठवीन तुम्हाला. सगळ्यात भारी असेल ते."

तिने फोन बंद केला आणि टेबलावर ठेवला. आई तिच्याकडे बघत होती, पाय अजून पाण्यातच होते.

"हे काय बोललीस त्याला? मी काय पार्सल आहे इकडून तिकडे पाठवायला?"

"नाहीस ना," ताई म्हणाली. "म्हणून तर इतकी वर्षं पाठवलं नाही."

बाहेरच्या जिन्यावरून कुणाची तरी पाहुणेमंडळी हसत वर गेली. ताईने छोटूसाठी आणलेल्या घडीच्या खुर्चीत बसून केकचा एक तुकडा कापला आणि खाल्ला. मग दुसरा कापला.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "पाणी गार झालं गं."

रोजच्यासारखी ताई उठायला निघाली होती, अर्धी उठलीसुद्धा. मग ती परत खाली बसली.

"त्याला बटण आहे, आई," ती म्हणाली. "दाबलं की पाणी आपोआप तापतं. छोटूने घेतलंय ते, चांगलंच असणार."

आई चष्म्याशिवाय वाकून यंत्रावरून हात फिरवायला लागली. बटण तिला सापडत नव्हतं. ताई समोर बसून बघत राहिली.