मोबाइलमधला जुना कायदा

मोबाइलने नवं अपडेट भरून घ्यायचं म्हटलं, की डेर्लिस ‘नंतर’वर बोट ठेवायचा. फुटबॉलचे सामने साठवायला जागा हवी ना! वर साऱ्या घराला अक्कल शिकवायची. पोटचा पोरगा असूनही त्याचं हे शहाणपण सेफेरिनाबाईंच्या डोक्यात जायचं.

त्या रविवारी त्याच्या बहिणीला डोळा मिळायचा होता. निमियाचा डावा डोळा कधीचाच गेलेला, उजव्यात फूल पडलेलं. राजधानीच्या इस्पितळात कुणा मेलेल्या माणसाचं बुबुळ आलं होतं. आठच्या आत या, नाहीतर पुढच्याला बोलावू, असं त्यांनी बजावलं होतं.

सेफेरिनाबाई उठल्या तर अंगणात ऊन. भिंतीवरच्या घड्याळात मात्र सहाच वाजलेले. काल सातला उगवलेला सूर्य आज सहाला कसा? त्यांनी डेर्लिसला हलवलं. तो कूस बदलत म्हणाला, “दरवर्षी मार्चमध्ये देशभरचं घड्याळ तासभर मागे जातं, आई. मोबाइल आपोआप गेला, तू विसरलीस. रात्री मीच काटे मागे सारले.”

“सरकारने यंदापासून ते बंद केलंय. तुला दोनदा सांगितलं होतं.”

“मोबाइलला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.”

त्यांनी रेडिओ लावला. निवेदकाने सात वाजल्याचं सांगितलं, तसं बाईंनी निमियाला उठवलं.

मोटरसायकलवर तिघं. लाल माती पावसाने निसरडी झालेली, आणि मध्येच बैलगाडी आडवी. वाऱ्यातून ओरडत डेर्लिस सांगत होता, की देशोदेशीच्या घड्याळांचे नियम मोबाइलच्या पोटात असतात. एखाद्या सरकारने नियम बदलला की कुठेतरी कुणी ते दुरुस्त करतं, पण ती दुरुस्ती भरून घ्यावी लागते. त्याने घेतली नव्हती. निमिया मधे बसून भावाचा शर्ट मुठीत आवळून होती.

इस्पितळात पोचेपर्यंत साडेआठ झाले होते. नर्सने हळू आवाजात सांगितलं, की पुढच्या माणसाला आत नेलंय. निमियाचं नाव यादीत राहील, पण पुन्हा कधी बोलावणं येईल ते सांगता येत नाही. निमिया भिंत चाचपत बाकावर टेकली.

मोबाइलने दगा दिला, असं डेर्लिस पुटपुटला.

सेफेरिनाबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. “त्याला नवा कायदा कुणी सांगितलाच नव्हता. तुला मी सांगितला होता. आता हिला दिसेपर्यंत हिचा हात धरून तू चालायचं, डेर्लिस, आणि ही म्हणेल तेव्हा निघायचं. आपल्या घरात यापुढे तुला वेळ कुणी विचारणार नाही.”