माझ्या नऊ खोडी

मी एक जुनी सायक्लोस्टाइल मशीन आहे, मित्रांनो. जुनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लगेच भंगारवाल्याची हातगाडी उभी राहते, म्हणून आधीच बजावून ठेवते. मी भंगार नाही, कधी नव्हते, आणि कोणी तसं म्हटलेलं ऐकूनही घेणार नाही.

माझा जन्म विलायतेतला. बोटीनं मुंबई, आगगाडीनं बडनेरा, आणि तिथून बैलगाडीत कडब्यावर बसून मी अमरावतीच्या एका शिक्षण कचेरीत आले. माझं काम सोपं होतं. स्टेन्सिल नावाच्या मेणाच्या कागदावर टाइपरायटरनं अक्षरं टोचायची, तो कागद माझ्या ढोलावर चढवायचा आणि दांडी फिरवायची. ढोलातली शाई टोचलेल्या अक्षरांतून झिरपते आणि खालच्या कागदावर उमटते. वलगावपासून परतवाड्यापर्यंतच्या पोरांनी माझ्याच प्रश्नपत्रिका सोडवल्या. माझ्या नावानं बोटंही मोडली असतील. मोडू देत!

स्टेन्सिल टोचायच्या राजापेठेतल्या सिंधूबाई, दांडी फिरवायचे नत्थुजी शिपाई, आणि मी आजारी पडले की अकोल्याहून यायचे हुसेन मिस्त्री. मिस्त्री आधी कान लावायचे, मग हात. "मशीन बोलून राहिली न बाई," ते म्हणायचे, "तुमी आइका तं खरं!"

पण बारीकसारीक दुखण्याला दरवेळी अकोल्याहून कोण येणार? म्हणून मिस्त्रींनी माझ्या नऊ खोडी काढल्या आणि प्रत्येकीला नंबर दिला. सिंधूबाईंनी ती यादी सुवाच्य अक्षरात लिहून माझ्या झाकणाच्या आत चिकटवली. आता कचेरीनं खराब छापलेला कागद पाठवायचा आणि मिस्त्रींनी कार्डावर नुसता नंबर कळवायचा. पाच म्हणजे कागद दोन-दोन ओढते. सात म्हणजे शाई गळते. पहिला नंबर सगळ्यांत वाईट : 'ढोल वाकला. इलाज नाही.' आणि शेवटचा लिहिताना सिंधूबाईंना हसू आलं होतं : 'नऊ. मशीन ठीक. चालवणाऱ्याचे हात तपासा.'

"हे कशाला, मिस्त्री?"

"लिवा बाई. एक दिवस कामी येईन."

मित्रांनो, तो दिवस बासष्ट साली आला. खुशालराव नावाचे नवे हेडक्लार्क आले होते. माणूस वाईट नव्हता, देवभोळा होता. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, तेव्हा नत्थुजी दरवर्षी माझ्या झाकणावर झेंडूचं फूल ठेवायचे. खुशालरावांना तेवढ्यानं भागेना. नत्थुजी नारळ फोडायला दगड शोधत बाहेर गेले आणि इकडे यांनी झाकण उघडलं, स्टेन्सिल काढली, तेलात कालवलेल्या शेंदरात उजव्या हाताची बोटं बुडवली आणि थेट ढोलावरच्या कापडावर ओढली! चार बोटं पूर्ण आणि करंगळी अर्धी, कारण ती लहानपणी कडबा कापताना गेली होती. अहो, त्या कापडाच्या जाळीतूनच माझी शाई येते. श्रद्धा चांगली, पण नाकात कोणी शेंदूर भरतं का? मी मनातल्या मनात किंचाळले. ऐकतंय कोण?

दसरा झाला, सहामाहीच्या प्रश्नपत्रिका आल्या. प्रत्येक प्रतीच्या मध्यावर पांढरे पट्टे! कुठे अर्धा प्रश्न गायब, कुठे आकडाच गायब. सिंधूबाईंनी नवी स्टेन्सिल टोचली, तरी तेच. ढोल उघडून पाहिला, तर शाईनं सगळं काळंच. एक खराब प्रत अकोल्याला गेली.

तिकडे मिस्त्री अंथरुणावर पडलेले. त्यांची कार्डं मराठीत लिहायची त्यांची मुलगी खुर्शीद. ती लग्न होऊन परतवाड्याला गेली होती. म्हणून या खेपेला पत्ता शेजाऱ्यानं घातला आणि मजकूर मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं लिहिला. वर तारीख, खाली एक आकडा, बस्स.

खुशालरावांनी कार्ड वाचलं आणि हात जोडले. "एक नंबर! ढोल वाकला, इलाज नाही. मिस्त्रीनंच लिवलं, आता वाद कायले घालता? काढा भंगारात."

"साहेब, मले नाई पटत," नत्थुजी म्हणाले. "मी तिचा आवाज वळखतो. ढोल वाकला असता तं खडखड केली असती तिनं."

"तुमाले मिस्त्रीहून जास्त समजते काय?"

दुसऱ्या दिवशी हातगाडी दारात आली. माझ्या अंगाला दोर बांधला. अकरा वर्षं इमानानं राबले, आणि निरोप असा? संताप संताप झाला माझा. दोघांनी उचललं, मी हलले नाही. चौघे आले. मी जड आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. ते घाम पुसत होते तेवढ्यात सिंधूबाई कार्ड घेऊन धावत आल्या.

"थांबा! खुशालराव, पोस्टाचा शिक्का पाहा. एकोणीस तारीख. मिस्त्रींनी वर लिहिली तीही एकोणीसच ना? मग यातला एक पाहा बरं."

"ही तं नुसती उभी काडी हाय."

"हो! आणि काडीशेजारचा नऊ, तोच आकडा खाली आहे. मिस्त्रींनी उर्दू आकडे लिहिलेत. त्यांचा नऊ आपल्या एकासारखा दिसतो. हा एक नाही, नऊ आहे!"

त्यांनी माझं झाकण उघडलं आणि नववी ओळ मोठ्यानं वाचली. खुशालराव लालबुंद झाले. "म्हंजे? माह्या हाताले काय झालं?"

छापताना सगळं उलटं होतं, म्हणून सिंधूबाईंनी एक खराब प्रत पालथी करून टेबलावर ठेवली. पातळ कागदातून पट्टे स्वच्छ दिसत होते. "ठेवा बरं उजवा हात."

त्यांनी हात ठेवला. प्रत्येक बोटाखाली एक पट्टा आला, आणि अर्ध्या करंगळीखाली अर्धाच.

"नवमीचा शेंदूर..." खुशालराव पुटपुटले. मग बाह्या सरसावल्या आणि रॉकेलचं फडकं मागवलं. "मीच लावला, मीच पुसतो." नत्थुजींनी दोर सोडला. दुपारपर्यंत सगळ्या प्रती निघाल्या, एकही अक्षर न गळता. हातगाडी रिकामी परत गेली.

मी बिघडले नव्हतेच, मित्रांनो. माझ्यावर जे लादलं होतं तेच मी प्रत्येक कागदावर ठणकावून छापत होते, फक्त वाचणारं कोणी नव्हतं. आजही मी त्याच कचेरीत आहे आणि माझी दांडी फिरते आहे. तेव्हा एखादी वस्तू बिघडली म्हणून हात झटकायला निघालात, तर झटकण्याआधी ते हात एकदा नीट पाहून घ्या.