अमावस्येचं ऑइल

पेण-रोहा जीप चालवणारे हैबतराव अमावस्येला पॅसेंजर घेत नसत. दर तिसऱ्या अमावस्येला ते वडखळला येऊन इंजिनाचं ऑइल बदलून घेत.

"लोक मारुतीला तेल वाहतात, तुम्ही जीपला वाहा!" अकरा वर्षं ऑइल बदलता बदलता काळुराम मेकॅनिक त्यांची टर उडवायचा.

सत्त्याण्णव साली खांब गावाजवळ दगड लागून इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फुटलं, तेव्हा काळुरामने ते पहिल्यांदाच उतरवलं. इतर गाड्यांत खाडीकाठच्या खाजणासारखा काळा गाळ असायचा. इथे तळ लख्ख होता. वर चार लाख किलोमीटर फिरलेला क्रँक कालच बसवल्यासारखा झळकत होता.

"हैबतराव, हे इंजिन नाय, देव हाय."

"मग गुरव तूच की रे!"

गाडीखाली उताणा पडलेला काळुराम आपल्या काळ्याकुट्ट हातांकडे बघतच राहिला.